आधी पेज, मग लोह

हाडांचा सापळा झालेलं, ओठ-नखं पांढरी पडलेलं दीड वर्षाचं मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल होतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा-सात. शिकलेला माणूससुद्धा म्हणेल, लोहाची बाटली सुरू करा. डॉक्टर मात्र सुरुवातीचे दिवस लोहाला हात लावत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली तीव्र कुपोषणाच्या उपचारांच्या दहा पायऱ्या ठरवून दिल्या, त्यांत हे स्पष्ट लिहिलं आहे. जस्त, तांबं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पहिल्या दिवसापासून द्यायचं. लोहाला मात्र मूल आपणहून खायला मागेपर्यंत आणि वजन धरू लागेपर्यंत थांबवायचं. त्याला साधारण आठवडा जातो, कधी त्याहून जास्त.

‘मुलाला ताकदीचं काहीतरी लिहून द्या’ ही मागणी भिवंडीतल्या कुठल्याही दवाखान्यात दिवसातून अनेकदा होते, आणि ताकदीचं म्हणजे बाटलीतलं, हे मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने दोघांनीही धरलेलं असतं. कॅल्शियमची गुलाबी बाटली, झिंकची बाटली, लोहाची काळपट बाटली, मेंदू तल्लख करणारं म्हणून विकलं जाणारं एखादं सरबत. यातलं प्रत्येक खनिज मेंदूला लागतं हे खरंच आहे. पण मुलाच्या ताटात प्रथिनं आणि उष्मांक नसतील, तर बाटलीतल्या खनिजाला मेंदूपर्यंत नेणारं कुणी शरीरात उरत नाही.

लोह रक्तात सुटं हिंडत नाही. यकृतात तयार होणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि हवं तिथे पोचवतं. तांब्याचा बहुतेक साठा सेरुलोप्लाझमिन या प्रथिनात असतो. जस्त मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटून फिरतं. आयोडीनपासून बनणारं थायरॉइडचं संप्रेरक वाहून नेणाऱ्यांपैकी एक आहे ट्रान्सथायरेटिन, तेही प्रथिनच. हे सगळे वाहक यकृत घडवतं, आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे आपण खाल्लेल्या डाळी-दूध-अंड्यातली अमिनो आम्लं. महिनोन्महिने ती मिळाली नाहीत की यकृत हात आखडता घेतं. लोह येतं, पण त्याला धरायला पुरेसं ट्रान्सफेरिन नसतं. सुटं राहिलेलं लोह दोन प्रकारे घात करतं. एक, ते पेशींची आवरणं जाळणारे मुक्त कण तयार करतं. आणि दोन, जंतूंनाही वाढायला लोह लागतं, ते त्यांना आयतं मिळतं. कुपोषित मुलाच्या अंगात जंतुसंसर्ग बहुधा आधीच असतो, पण प्रतिकारशक्ती इतकी खचलेली असते की तापसुद्धा येत नाही.

यापुढची गोष्ट पहिल्यांदा कळते तेव्हा बऱ्याच जणांना पटत नाही. अशा मुलाचं हिमोग्लोबिन कमी असलं तरी यकृतात लोह साठून असू शकतं. अन्न तुटलं की शरीर खर्च कमी करतं. स्नायू मोडून खातं, पेशींच्या दारावरचे सोडियम-पोटॅशियमचे पंप मंद करतं, आणि तांबड्या पेशींची संख्याही कमी करतं. त्या पेशींमधलं मोकळं झालेलं लोह बाहेर टाकायची सोय माणसाच्या शरीरात जवळपास नाहीच, म्हणून ते कोठारात जातं. मूल पुन्हा जेवू लागलं, नवं रक्त तयार होऊ लागलं की ते कोठार उघडतं, आणि ते रिकामं व्हायला लागलं की मग बाहेरच्या लोहाची खरी गरज पडते. पोटॅशियमचं उलटं आहे. पंप मंदावल्यामुळे ते पेशींतून झिरपून लघवीवाटे जातं, म्हणून ते पहिल्या दिवसापासून भरून काढावं लागतं.

पहिल्या टप्प्यातल्या दुधाला एफ-७५ म्हणतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी आणि ०.९ ग्रॅम प्रथिन असतं. एवढ्या अशक्त मुलाला इतकं कमी प्रथिन का, असं कुणीही विचारील. कारण थकलेल्या यकृताला आणि मूत्रपिंडाला एकदम जास्त प्रथिनही झेपत नाही. मूल सावरलं की एफ-१०० येतं. त्यात १०० कॅलरी आणि २.९ ग्रॅम प्रथिन, आणि पोर अक्षरशः भांडं ओढून पितं. लोहाची वेळ इथे येते. जस्ताचं महत्त्वही याच टप्प्यात दिसतं. मायकेल आणि बार्बरा गोल्डन यांनी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८०च्या आसपास दाखवून दिलं, की सावरणाऱ्या मुलाला जस्त कमी पडलं तर वजन वाढतं खरं, पण त्यात चरबी जास्त भरते आणि स्नायू कमी.

आता हे भिवंडीत का सांगायचं? भिवंडी म्हणजे यंत्रमाग आणि गोदामं, हे बाहेरच्यांचं चित्र. पण भिवंडी-वाडा रस्त्याला लागलात की दिवाळीनंतर शेतांमध्ये वीटभट्ट्या उभ्या राहिलेल्या दिसतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शहापूर, मुरबाडकडची कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबं उचल घेऊन येतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत राहतात. नवरा-बायकोची जोडी हजार विटांच्या दराने काम करते. आठवड्याला हातात पडते ती खावटी, म्हणजे हिशेबातून वजा होणारे बाजाराचे पैसे. त्यात तांदूळ, तेल, मिरची-मीठ, थोडी सुकट, क्वचित डाळ. विटा पहाटेपासून पाडायच्या असतात. त्यामुळे तान्ह्या-रांगत्या पोराला सकाळी जे मिळतं ते म्हणजे कोरा किंवा नावाला दूध घातलेला चहा आणि त्यात बुडवलेलं बटर किंवा पाव. दुपारी भात, मिठाच्या पाण्यात कालवलेला. मधे पाच रुपयांचं कुरकुऱ्यांचं पाकीट. पोट भरतं. चहातली टॅनिनं मात्र जेवणातलं उरलंसुरलं लोहही अडवून धरतात.

पंचांग मांडून पाहिलं तर हे प्रकरण अधिक टोचतं. ऑगस्टमध्ये गावी जन्मलेलं मूल सहा महिन्यांचं होतं फेब्रुवारीत. आईच्या दुधाबरोबर वरचं खाणं सुरू करायचा तो महिना, आणि तेव्हा कुटुंब भट्टीवर असतं. पुढच्या फेब्रुवारीत ते दीड वर्षाचं होतं, तेव्हा पुन्हा भट्टी. आरोग्य खातं ज्या हजार दिवसांबद्दल बोलतं, म्हणजे गर्भाचे २७० आणि पुढच्या दोन वर्षांचे ७३०, त्यांतले निर्णायक महिने भिवंडीच्या धुळीत जातात. नाव मात्र गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात असतं.

जुन्या ठाणे जिल्ह्याला हे दुखणं नवं नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालकं दगावली, तेव्हा मुंबईच्या वर्तमानपत्रांना जव्हार कुठे आहे ते शोधावं लागलं. पुढे योजना आल्या, अंगणवाड्या वाढल्या, ‘ग्राम बाल विकास केंद्र’ आलं, २०१५ मध्ये आदिवासी भागात अमृत आहार योजना आली. मृत्यू कमी झाले. तरीही २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने लुकडी निघाली. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्क्यांना रक्तक्षय होता. यातली बहुसंख्य मुलं मरणार नाहीत. ती शाळेत जातील आणि मागच्या बाकावर बसतील. मेंदूचा प्रश्न त्यांच्याबद्दलचा आहे.

जन्माच्या वेळी मेंदूचं वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम असतं. दोन वर्षांत ते मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ८० टक्क्यांपर्यंत पोचतं. तान्हं बाळ विश्रांतीत जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातली निम्म्याहून जास्त एकटा मेंदू खातो. या घाईच्या काळात मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण चढतं, जोडण्या तयार होतात, आणि आठवणींचं काम बघणारा हिप्पोकॅम्पस हा भाग घडतो. मायलिन चढवणाऱ्या पेशींना लोह भरपूर लागतं. डोपामिन तयार करणारा विकर लोहाशिवाय चालत नाही. आणि तुटवडा पडला की शरीर लोह आधी तांबड्या पेशींना देतं, मेंदूला नंतर. म्हणजे हिमोग्लोबिन घसरलेलं दिसतं तोवर मेंदूची उपासमार सुरू होऊन गेलेली असते. बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टारिकातल्या अशा मुलांचा वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत माग काढला. तान्हेपणी लोह दीर्घकाळ कमी पडलेली मुलं औषधाने रक्त सुधारल्यावरही बुद्धीच्या चाचण्यांत मागेच राहिली. गरीब घरांतल्या मुलांत ती दरी वयाबरोबर रुंदावत गेली.

आयोडीनचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ते गर्भातच कमी पडलं तर मेंदूचं नुकसान नंतर भरून येत नाही. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे आयोडीनयुक्त मीठ. घरात पोचेपर्यंत त्यात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. मिठागरं जवळ असलेल्या आपल्या पट्ट्यात खडेमीठ मात्र अजून सर्रास वापरलं जातं. सेलेनियम तर आणखी आडबाजूचं, पण थायरॉइडच्या संप्रेरकाला कामाच्या रूपात आणणारे विकर त्याच्यावरच चालतात.

जस्ताची कहाणी रंजक आहे, आणि तिचा नायक आपल्या बिहारमधला. डॉ. आनंद प्रसाद इराणमधल्या शिराझला काम करत असताना त्यांच्याकडे २१ वर्षांचा एक तरुण आला. दिसायला दहा वर्षांचा पोरगा. खाणं म्हणजे जवळजवळ फक्त न आंबवलेल्या पिठाची रोटी, आणि जोडीला माती खायची सवय. प्रसादांनी १९६१ मध्ये ही लक्षणं प्रसिद्ध केली आणि पुढे इजिप्तमध्ये अशाच तरुणांना जस्त देऊन दाखवून दिलं, की मूळ जस्ताच्या कमतरतेत आहे. मुलं वर्षात पाच-सहा इंच वाढली. तोपर्यंत माणसाला जस्ताची कमतरता होऊच शकत नाही असं मानलं जाई. रोटी भरपूर असून जस्त का कमी पडलं, याचं उत्तर धान्याच्या कोंड्यात होतं. त्यातलं फायटेट जस्ताला आणि लोहाला बांधून ठेवतं आणि आतड्यातून तसंच बाहेर नेतं. नुसत्या भात-भाकरीवर वाढणाऱ्या आपल्या पोरांना ही गोष्ट जशीच्या तशी लागू आहे. मेंदूत जस्त हिप्पोकॅम्पसच्या संदेश देणाऱ्या पुटिकांमध्ये साठलेलं असतं. म्हणून जस्ताची बाटली दिली की मूल हुशार होतं, असं कुणी म्हणालं तर मात्र थांबावं. जुलाबात चौदा दिवस दिलेलं जस्त जीव वाचवतं, याला भक्कम पुरावा आहे. बुद्धीसाठी नुसतं जस्त देऊन केलेल्या प्रयोगांतून तितकं स्वच्छ काही हाती लागलेलं नाही.

उंदरांवर हे पुष्कळ तपासून झालं आहे. शंभर भाग खाण्यात प्रथिनांचे २५ भाग आणि ६ भाग, असे दोन गट करून वाढवले तर कमी प्रथिनवाल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जोडण्या विरळ आढळतात. पण उंदीर माणसासारखा शाळेत जात नाही. म्हणून या विषयातला सगळ्यात मोलाचा पुरावा मी ग्वाटेमालातला मानतो.

१९६९ मध्ये तिथल्या पोषण संस्थेने चार खेड्यांत एक प्रयोग सुरू केला. दोन गावांत रोज ‘आतोले’ नावाची पेज वाटली जाई. तिच्या एका वाटीत, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, ११.५ ग्रॅम प्रथिन आणि १६३ कॅलरी. दुसऱ्या दोन गावांत ‘फ्रेस्को’ हे गोड सरबत, त्यात ५९ कॅलरी आणि प्रथिन शून्य. पुढे १९७१ पासून खनिजं आणि जीवनसत्त्वं दोन्हींत सारखीच घातली गेली. म्हणजे बाटली दोघांनाही, पेज एकालाच. वाटप १९७७ मध्ये थांबलं. ही मुलं पंचवीस ते चाळीस वर्षांची झाल्यावर संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. लहानपणी आतोले मिळालेली माणसं वाचून समजण्याच्या आणि बुद्धीच्या चाचण्यांत पुढे होती. बायका सरासरी एक इयत्ता जास्त शिकल्या होत्या. ज्यांना पहिल्या दोन वर्षांत पेज मिळाली त्या पुरुषांची ताशी कमाई ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. तीन वर्षांनंतर पेज सुरू झालेल्यांना हा फायदा झाला नाही. खनिजं निरुपयोगी असा याचा अर्थ कुणी काढू नये, कारण ती आतोलेतही होतीच. सरबतातली खनिजं एकट्याने ते काम करू शकली नाहीत, इतकं मात्र दिसतं. ताण्याला बाणा लागतो हे भिवंडीकराला वेगळं सांगायला नको.

आणि प्रथिनांच्याही मागे आंधळेपणाने धावू नये. पन्नास-साठच्या दशकात जगभर ‘प्रथिनांची दरी’ भरून काढायचं वेड लागलं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन यांनी दाखवलं, की अंगावर सूज येणारी मुलं आणि नुसती वाळणारी मुलं घरी खातात ते जवळपास एकसारखंच. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या वेडाला चक्क प्रथिनांचा महाफज्जा म्हटलं. एकूण उष्मांकच कमी पडले तर शरीर खाल्लेलं प्रथिन सरपणासारखं जाळून टाकतं. त्यामुळे औषधाच्या दुकानातली महागडी प्रोटीन पावडर पाण्यात कालवून देण्यापेक्षा खिचडीवर सोडलेलं दोन चमचे तेल अधिक उपयोगी पडतं, हे माझं ठाम मत आहे. टीव्हीवरच्या जाहिराती अर्थातच वेगळं सांगतात.

भट्टीवरच्या बाजारातही बरंच काही मिळतं. सुकट, म्हणजे वाळलेला जवळा, धुऊन, भाजून, पाट्यावर पूड करून भाताच्या पेजेत चमचाभर घातला तर प्रथिन, कॅल्शियम आणि जस्त एकाच चमच्यात जातं. वारली-कातकरी घरांत तो मोठ्यांच्या ताटात असतोच. पोराला तिखट लागेल म्हणून त्याच्या वाट्याला येत नाही, तर तिखट घालायच्या आधी बाजूला काढायचा. नागलीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण तिला मोड आणून, वाळवून, हलकं भाजून दळलं तर फायटेट कमी होतं आणि आणखी एक गोष्ट घडते. मोडातला अमायलेज विकर पेज पातळ करतो, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि ते बाळाला गिळता येतं. बडोद्याच्या तारा गोपालदास यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. आपल्याकडे सत्त्व करताना नागली भिजवून वाटून फडक्यातून गाळतात आणि चोथा गुरांना घालतात. दिसायला ते पांढरंशुभ्र होतं खरं, पण चोथ्याबरोबर बरंच काही जातं. लोह अंगी लागावं म्हणून लिंबू पिळणं आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवणं, या दोन गोष्टींना तर फारसा पैसाही लागत नाही.

लोहाचं वेळापत्रकही आईला समजावून सांगण्यासारखं आहे. सहा महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर सिरप देतात, त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. हा २०१८ पासूनच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’चा भाग आहे आणि एरवी तो चांगलाच. पण मूल आजारी असेल किंवा सॅममध्ये असेल, तर ते द्यायचं नाही, हे त्याच सूचनांमध्ये आहे. सॅम म्हणजे तीव्र कुपोषणाचा, दंडाला लावलेली पट्टी लाल दाखवते तो गट, दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो, तोही आधी पाहावा लागतो. झांझिबारजवळच्या पेम्बा बेटावर, मलेरियाच्या मुलखात, लहान मुलांना सरसकट लोह देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा दवाखान्यात भरती होण्याचं आणि दगावण्याचं प्रमाण वाढलं आणि तो भाग मधेच थांबवावा लागला. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. उघड्यावर पाणी साचणाऱ्या आणि दर पावसाळ्यात हिवताप येणाऱ्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

सावरलेल्या मेंदूचं काय? कुपोषणात मेंदू अक्षरशः आकसतो, आणि केप टाऊनच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये एमआरआयवर दाखवलं की उपचारांनंतर तीन महिन्यांत तो बराचसा पुन्हा भरतो. आकार भरतो, पण सगळं काम परत येतंच असं नाही. बार्बाडोसमध्ये जॅनिना गॅलर यांनी पहिल्याच वर्षी तीव्र कुपोषण झालेल्या मुलांचा चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. मुलं उंचीने सावरली, पण त्यांच्यातल्या जवळपास साठ टक्क्यांना लक्ष एकाग्र करणं जड जाई. कुपोषण न झालेल्या वर्गमित्रांत हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास होतं.

जमैकाने याच्या पुढची पायरी दाखवली. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनमधल्या १२९ खुज्या मुलांपैकी काहींना दूध-पावडर दिली, काहींच्या घरी दर आठवड्याला एक आरोग्यसेविका तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवायची, तेही घरच्या डबे-बाटल्यांची खेळणी करून. काहींना दोन्ही मिळालं. दोन वर्षांनी दोन्ही मिळालेली मुलं सगळ्यांत पुढे होती. बाविसाव्या वर्षी पाहिलं तेव्हा खेळ मिळालेल्यांची कमाई २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या दूध-पावडरीचा परिणाम तोवर पुसला गेला होता. भट्टीवर विटांच्या भोंग्यात, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, पोर दोरीने बांधलेल्या झोळीत झोपलेलं असतं आणि तिला झोका द्यायला पाच-सहा वर्षांची बहीण असते. तिच्याशीच बोलायला, खेळायला कुणी नसतं.

सरकारने २०२२ मध्ये स्थलांतरित मातांसाठी आणि बालकांसाठी मोबाइलवरची नोंद यंत्रणा सुरू केली, त्यात जव्हार-मोखाड्याचा पालघर जिल्हाही होता. मोखाड्याची नोंद भिवंडीच्या अंगणवाडीत दिसली पाहिजे, आणि तिथली सेविका पट्टी आणि आहाराची पाकिटं घेऊन भट्टीवर गेली पाहिजे. मूल लाल पट्टीत सापडलं तर पुढचा अडथळा असा, की आईला मुलासोबत चौदा दिवस केंद्रात राहावं लागतं. तिची बुडीत मजुरी मिळते, पण जोडीतला एक माणूस गेला की विटा पडत नाहीत, आणि शेठकडून घेतलेली उचल फिटायची थांबते. म्हणून पट्टी लावायची वेळ भट्टी पेटल्यावर नव्हे, उचल घ्यायच्या आधी, दिवाळीत, गावातच असायला हवी. तेव्हा पिवळ्या पट्टीतलं मूल घरच्या अंगणवाडीत महिनाभर अंडी आणि खिचडी खाऊन हिरव्यात येऊ शकतं, आणि लोहाची बाटली त्याच्या हाती सुरक्षितपणे देता येते.